बाईंचे डोळे आणि दोन कॅमेरे

विजयाची पेन्शनची फाईल पुन्हा परत आली तेव्हा तिच्यावर लाल शाईत शेरा होता : ‘संयुक्त छायाचित्रात अर्जदार झोपलेल्या दिसतात. त्रुटी दूर करून फेरसादर करावे.’

अर्जदार म्हणजे माझी बायको. ती नगरच्या एका शाळेत गणित शिकवते आणि या महिनाअखेरीस निवृत्त होते आहे. पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो, हे निवृत्त होऊ घातलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. जी बाई वर्गाच्या दारात नुसती उभी राहिली तरी मागच्या बाकावरची पोरं आपण होऊन पाढे म्हणायला लागतात, ती झोपलेली दिसते असं सरकारी कागदावर लिहून यावं, हे मला फार लागलं. मी एका पतसंस्थेत जमाखर्च तपासतो, त्यामुळे त्रुटी काढणं हा माझा धंदा आहे. दुसऱ्याने आपल्यात काढलेली त्रुटी मात्र मला सोसत नाही.

पण शेऱ्यात खोटं काही नव्हतं. विजयाचा डोळे उघडे असलेला फोटो जगात नाही. लग्नाच्या अल्बममध्ये ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झोपेत चालते आहे. हार घालताना झोपेत, सप्तपदीत झोपेत, पंगतीत तर घास हातात धरून गाढ झोपेत. शाळेच्या दरवर्षीच्या फोटोत मुलं टक्क जागी आणि बाई मधोमध पेंगताहेत. कुणी “रेडी” म्हटलं की तिच्या पापण्या खाली येतात आणि फोटो निघाला की वर जातात. तिचं माहेर शिंगणापूरचं. ज्या गावात घरांना दारं लावत नाहीत तिथल्या मुलीच्या पापण्या इतक्या घट्ट कशा लागतात, हे मला लग्नापासून पडलेलं कोडं आहे.

फाईल परत आल्यावर आम्ही नगरमधले स्टुडिओ पालथे घातले. एकाने कागद हलवला, एकाने शिट्टी वाजवली, एकाने मलाच हिला हसवायला सांगितलं. संसारात जे एरवी जमत नाही ते स्टुडिओत तीन दिवे अंगावर घेऊन कसं जमणार? शेवटच्याने “काळजी सोडा” म्हणून कॉम्प्युटरवर दुसऱ्याच कुणा बाईचे डोळे हिच्या चेहऱ्यावर बसवून दिले. फोटोतली बाई माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघत होती, की मी तो फोटो घाईघाईने पाकिटात घालून टाकला. विजयाने तो बाहेर काढून नीट पाहिला आणि फाडला.

त्या संध्याकाळी नापास झालेले सगळे फोटो मांडीवर घेऊन ती म्हणाली, “पेन्शनचं काय, आज ना उद्या सुरू होईल. पण पोरं म्हणतात बाईंच्या नजरेची भीती वाटते. ती नजर कशी आहे, मी कधी बघितलीच नाही हो.”

“आरशात?”

“आरशात मी केस बघते.”

ती हसत म्हणाली, पण मला गलबलून आलं. इतकी वर्षं हजारो पोरांनी जे पाहिलं ते हिने स्वतः एकदाही पाहू नये, हे काही बरोबर नव्हतं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की आपण स्वतःचा कॅमेरा घ्यायचा, चांगल्यातला घ्यायचा, आणि महिनाअखेरीच्या आत बाईंचे डोळे उघडे असलेला फोटो फाईलला लावायचा. विजया म्हणाली, “कुकरची शिट्टी आणायचीय, ती आधी आणा.”

पुढचे दिवस मी अभ्यासात घालवले. ऑफिसात ताळेबंद उघडा ठेवून त्यामागे मोबाईलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघितले. त्यातून कळलं की हल्ली मिररलेस नावाचे कॅमेरे असतात, आणि ते म्हणे माणसाचा डोळा आपण होऊन शोधून काढतात. माणूस हलला तरी पडद्यावरची छोटी चौकट डोळ्याचा पाठलाग करते. हे ऐकून मी खुर्चीत उठून बसलो, कारण आमच्या घरी डोळा हाच तर हरवलेला होता.

अडचण एवढीच होती की या कॅमेऱ्यांत दोन जाती होत्या. एक प्रोफेशनल. तो धातूच्या अंगाचा, वजनदार, आणि एका सेकंदात तीस फोटो काढणारा. तिसात एक तरी उघड्या डोळ्यांचा निघेलच, असा माझा हिशेब. दुसरा एंट्री-लेव्हल, म्हणजे नवशिक्यांचा. तो प्लास्टिकचा, हलका, बटणं कमी. मुलगी अनन्या पुण्याला असते. तिला व्हिडिओ कॉलवर विचारलं तर ती म्हणाली, “बाबा, एंट्री-लेव्हल घ्या. तुम्हाला अजून टीव्हीचं इनपुट बदलता येत नाही.” मी तिला सांगितलं की टीव्हीचं इनपुट मी तत्त्व म्हणून बदलत नाही. पण ‘एंट्री-लेव्हल’ हा शब्द मनात सलत राहिला. निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाची एंट्री कसली, आणि लेव्हल कसली?

बातमी सावेडीच्या आमच्या कॉलनीत पसरायला एक चहा पुरला. कॉलनीत दोन पक्ष पडले. नवशिक्या पक्षाचे पुढारी राधाकृष्ण काका. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, दर शनिवारी शिंगणापूरला तेल वाहायला जाणारे आणि उरलेले दिवस लोकांना सल्ले देणारे गृहस्थ. त्यांनी एकदा व्यायामासाठी चालायचं महागडं यंत्र घेतलं होतं, त्यावर आता त्यांच्या घरचे टॉवेल वाळतात. मोठी वस्तू घरात आली की तिची दोरी होते, असं त्यांचं म्हणणं. प्रोफेशनल पक्षाचे पुढारी काकासाहेब. ते मूळचे घोडेगावचे, उभा जन्म बैलांच्या व्यापारात गेलेला. आता मुलाने इथे बंगला बांधलाय म्हणून आमच्या समोर राहतात, पण बाजाराच्या दिवशी घोडेगावला गेल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

काकासाहेबांचं म्हणणं सरळ होतं. “घ्यायचा तर खिलार घ्या. गोऱ्हा घिऊन काय करता? त्यो मोठा व्हईस्तोवर बाईंची पेन्शन संपंल.”

मी अर्थातच काकासाहेबांच्या बाजूला झुकलो. त्यात पेन्शनचा विचार कमी आणि अनन्याला उत्तर देण्याचा विचार जास्त होता.

आता खरेदीला वार कोणता? विजयाची शाळा शनिवारी सकाळची, रविवारी दिवसभर तिचे दहावीचे जादा तास, आणि मला दुसऱ्या शनिवारी सुट्टी. म्हणजे शनिवारशिवाय इलाज नव्हता. राधाकृष्ण काकांनी डोक्याला हात लावला. शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत हे मला माहीत होतं. पण कॅमेरा लोखंडात मोडतो का, यावर आमच्या फाटकाशी जी चर्चा झाली ती कुठल्याही शास्त्रात सापडणार नाही. मी मोबाईलवरून वाचून दाखवलं की प्रोफेशनलचं अंग मॅग्नेशियमचं आहे. काका म्हणाले, मॅग्नेशियम म्हणजे लोखंडाचं चुलत घराणं, शनिमहाराज इतकं बारीक बघत नाहीत. प्लास्टिकचा असेल तर खुशाल आणा, धातूचा असेल तर शनिवारी त्याच्या खरेदीचा शब्दही तोंडातून काढायचा नाही. मला यात नवशिक्या पक्षाचं राजकारण दिसलं, पण शिंगणापूरच्या जावयाने शनीशी वाद घालणं बरं दिसलं नसतं.

तोड काकासाहेबांनी काढली. “शब्द काढायचाच न्हाई ना? मग न्हाई काढत. आमच्या बाजारात सौद्याला शब्द लागतोच कुटं?”

घोडेगावच्या बाजारात बैलाची किंमत तोंडाने बोलत नाहीत, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. दोन व्यापारी एकमेकांचा हात धरतात, वर टॉवेल टाकतात आणि टॉवेलखाली बोटं दाबून भाव करतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहतो. काकासाहेबांची योजना अशी, की शनिवारी टॉवेलखाली मुका सौदा करायचा आणि वस्तू रविवारी मी एकट्याने जाऊन उचलायची. शनीच्या कानावर काही जात नाही आणि सुट्टीही वाया जात नाही. राधाकृष्ण काकांनी बराच वेळ विचार केला, पण त्यांना यात त्रुटी सापडली नाही.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं दुकानात पोचलो. काकासाहेबांच्या खांद्यावर नवाकोरा पांढरा टॉवेल होता. दुकानाचा मालक अर्णव विजयाला पाहताच ताडकन उठून उभा राहिला आणि त्याने नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. तो तिचा विद्यार्थी निघाला. नगरमध्ये विजयाबरोबर कुठेही गेलं की कुणीतरी असं उभं राहतं, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. दुकान खरं तर त्याची बायको सृष्टी चालवते. तिने मला नखशिखांत न्याहाळून विचारलं, “काका, रील्स करता का?” मी म्हणालो की आम्ही पेन्शन करतो.

सृष्टीने दोन्ही कॅमेरे काउंटरवर मांडले. काकासाहेबांनी चष्मा चढवला आणि प्रोफेशनल कॅमेऱ्याभोवती एक फेरी मारली. वजन हातात तोलून पाहिलं, कानाशी नेऊन हलवला, झाकण काढून आत डोकावले. नावात मिरर आहे तर आत आरसा कुठंय, असं त्यांनी विचारलं. हे मिररलेस आहे, यात आरसा नसतो, असं सृष्टीने सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना शेपूट नसलेला बैल दाखवायला आणलं होतं. मग ते म्हणाले की जनावर चालवून बघितल्याशिवाय आपण पुढे बोलत नाही.

म्हणून आम्हा दोघांना काउंटरसमोर शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसवलं आणि आधी प्रोफेशनल चालवण्यात आला. त्याची चौकट डोळे शोधायला निघाली. माझ्या डोळ्यांवर क्षणात बसली, विजयाच्या चेहऱ्यावर थोडी भिरभिरली आणि शेवटी आमच्या मागे टांगलेल्या जाहिरातीतल्या बाळाच्या डोळ्यांवर जाऊन स्थिरावली. सृष्टीने बटण दाबून धरलं. कॅमेरा तडतडला आणि एका सेकंदात तीस फोटो निघाले. त्यात विजयाच्या पापण्या मिटत जाणं, मिटणं आणि मिटून राहणं याची सविस्तर नोंद होती. बाळ मात्र तिसांतही प्रसन्न होतं.

मग नवशिक्या चालवला. त्यातही ती झोपलेलीच आली, फक्त कमी फोटोंत. “पुन्हा एकदा, रेडी,” असं सृष्टीने किती वेळा म्हटलं ते मी मोजलं नाही. विजयाच्या कपाळावर घाम आला. सृष्टीने कॅमेरा खाली ठेवला तेव्हा विजया हळूच मला म्हणाली, “राहू द्या हो. माझंच काहीतरी चुकतं.” उत्तर चुकलं तर रीत तपासा, स्वतःला बोल लावू नका, असं आयुष्यभर पोरांना सांगणारी बाई हे म्हणत होती. माझा आवाज चढणार होता, पण वार आठवला. मी काकासाहेबांच्या खांद्यावरच्या टॉवेलकडे बोट दाखवलं.

बस्स. काकासाहेबांनी टॉवेल झटकला आणि अर्णवपुढे हात केला. मला वाटलं, आता आपली शोभा होणार. पण अर्णवचे आजोबा सोनईचे. त्यांचं बोट धरून तो लहानपणी घोडेगावच्या बाजारात हिंडलेला. टॉवेल बघून त्याचा चेहरा उजळला. त्याने बाही वर केली, हात पुढे दिला आणि टॉवेल त्यावर पडला.

टॉवेल हलत होता. काकासाहेबांनी मान हलवली, अर्णवने छताकडे पाहिलं. काकासाहेबांनी हात सोडून जायला निघाल्याचं नाटक केलं, अर्णवने त्यांना परत ओढलं. मी उत्सुकतेने पुढे वाकलो तर काकासाहेबांनी कोपराने मला मागे सारलं. खरेदी माझी, कॅमेरा माझा, पण माझ्याच सौद्यात मी बघ्यांत जमा होतो. शेजारी विजया अस्वस्थ व्हायला लागली. डोळ्यांसमोर कुणीतरी हिशेब करतंय आणि पायऱ्या दाखवत नाही, हे तिने आयुष्यात कधी चालू दिलेलं नाही. ती खुर्चीच्या काठावर सरकली.

तेवढ्यात टॉवेल स्थिर झाला. काकासाहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. अर्णवच्याही चेहऱ्यावर समाधान पसरलं. दोघांनी एकमेकांचा हात गदागदा हलवला. काकासाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “फुकटात पडला.” आणि त्याच वेळी अर्णव सृष्टीला कुजबुजला, “मस्त भाव आला.”

विजयाने दोन्ही ऐकलं.

“अर्णव,” ती म्हणाली. “दोघंही खूश म्हणजे हिशेबात चूक आहे. बोटं दिसू देत.”

अर्णव उभाच होता, तो आणखी उभा राहिला. काकासाहेब म्हणाले, टॉवेलखालचं टॉवेलखालीच ऱ्हातं बाई, जन्मात कधी आकडा उघडा केला न्हाई. पण समोर विजया होती. टॉवेल बाजूला झाला. दोघांनी बोटं दाखवली. बोटं सारखीच होती.

“आता वस्तू दाखवा.”

काकासाहेबांनी प्रोफेशनलकडे बोट केलं. अर्णवने नवशिक्याकडे.

घोडेगावच्या बाजारात सौदा होतो तेव्हा समोर एकच बैल उभा असतो, त्यामुळे कुठला बैल हे सांगायची पद्धतच नाही. इथे काउंटरवर दोन होते, आणि शनीच्या भीतीने कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. तेवढ्याच बोटांत काकासाहेबांनी मोठा विकत घेतला होता आणि अर्णवने धाकटा विकला होता.

विजयाने मान ताठ केली, काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि अर्णवकडे पाहून विचारलं, “शून्यं किती धरली होतीस?”

अर्णवचा आवाज दहावीतल्यासारखा बारीक झाला. “बाई, शून्य बोटांवर दाखवता येत नाही.”

“मग तोंडाने सांगायचं.”

या दोन वाक्यांच्या मध्ये एक बारीक आवाज झाला होता. अर्णवशेजारी उभ्या असलेल्या सृष्टीने काउंटरवरचा छोटा कॅमेरा तेवढ्यात हातात घेतला होता. तिने कुणाला “रेडी” म्हटलं नव्हतं. तिने कॅमेरा उलटा केला आणि विजयाच्या हातात दिला.

पडद्यावर आम्ही दोघं होतो. मी खुर्चीत अंग चोरून बसलेलो, गृहपाठ न केलेल्या पोरासारखा. आणि शेजारी विजया, सरळ समोर बघणारी, दोन्ही डोळे टक्क उघडे. मोठे, काळे, शांत डोळे. समोरच्याला चूक कबूल करायला लावणारे आणि तरी ती त्याला येणारच आहे असा भरवसा ठेवणारे. मी या डोळ्यांसमोर संसार केला, पण मलाही ते असे स्थिर कधी बघायला मिळाले नव्हते.

विजयाने पडदा डोळ्यांजवळ नेला. सृष्टीने तिला फोटो मोठा कसा करायचा ते दाखवलं. तिने डोळे मोठे केले, मग आणखी मोठे केले.

“मी अशी बघते होय,” ती म्हणाली. “पोरं उगाच भीत नव्हती.”

मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

प्रश्न सौद्याचा उरला. काकासाहेबांच्या मते हात दिला म्हणजे शब्द गेला, आणि तो मोडला तर त्यांना घोडेगावला तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. अर्णवचंही तेच म्हणणं, फक्त दुसऱ्या कॅमेऱ्याबाबत. मी प्रोफेशनलकडे एकदा शेवटचं पाहिलं. तो छान होता, भारदस्त होता, आणि अनन्याला दाखवण्यासारखा होता. पण विजयाने छोटा कॅमेरा हातातून खाली ठेवलेला नव्हता. काकासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि निकाल दिला. “ज्यानं गाडी चिखलातनं काडली त्योच बैल दावणीला बांधायचा. अर्णवचा शब्द खरा धरा.” त्यांच्यासाठी हे किती अवघड होतं ते मला दिसत होतं. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले की बाईंना घोडेगावच्या बाजारात नेऊ नका, व्यापार बंद पडंल.

कॅमेरा त्याच दिवशी घरी आला. तो प्लास्टिकचा होता, त्यामुळे शनीचीही हरकत नव्हती. राधाकृष्ण काकांनी कॉलनीत सांगितलं की त्यांनी हे आधीच बघून ठेवलं होतं.

सोमवारी आम्ही फोटो घेऊन कार्यालयात गेलो. झोपलेल्या दिसतात असं लिहिणारा कारकून टेबलाशी होता. शेजारच्याशी बोलता बोलता त्याने आम्हाला थांबा अशी हाताने खूण केली, एका हाताने चहा धरला आणि दुसऱ्याने फाईल उघडली. फोटो पाहिला. चहाचा कप खाली ठेवला. त्याने पुन्हा फोटो पाहिला, पाठ सरळ केली, टेबलावर पसरलेले कागद नीट लावले आणि मग शिक्का मारला. मी अंग का चोरलंय, हे त्याने विचारलं नाही. त्याला ते समजलं असावं.

“बाई, तुम्ही उभ्या का?” तो म्हणाला. “बसा ना.”

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर विजयाने पिशवीतून कॅमेरा काढला. हल्ली तो तिच्याच पिशवीत असतो. निरोप समारंभात ती स्वतः सगळ्या वर्गांचे फोटो काढणार आहे, आणि “रेडी” म्हणायचं नाही हा तिचा नियम आहे. तिने मला खालच्या पायरीवर उभं केलं. पोट आत घ्या म्हणाली, मी घेतलं. कॅमेरा डोळ्याला लावून तिने दुसरा डोळा मिटला. एवढ्या वर्षांची निम्मी सवय अशी उपयोगाला आली, असं मी म्हणणार होतो.

“बोलू नका,” ती म्हणाली. “आणि डोळे उघडा.”